इटलीचा वीस नंबर

लातूर
रविवार, २७ एप्रिल १९८६

रामकिशन,

जय भीम. तुझा रामराम मी धरून चालतो, तू घातला नाहीस तरी.

अक्षर ओळखूनच पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच. २५ मे, रविवार, दुपारी तीन वाजता, माझ्या घरी गडी वाटायचे ठरले आहेत. मेक्सिकोतला वर्ल्ड कप ३१ तारखेला सुरू होतो. अठ्ठ्याहत्तरला खेळलो, ब्याऐंशीला खेळलो, आता शहाऐंशी. चार वर्षांनी एकदा येणारी गोष्ट आहे, टाळून कसं चालेल.

चौघं आहोत. मी, अण्णाराव, नवीन टायपिस्ट सौदामिनीबाई आणि तू. तुला विचारलं नाही, नाव लिहून टाकलं. अण्णाराव म्हणाले, "त्यो येतो व्हय? चार वर्सं झाली, त्याचा कागदाचा कपटा न्हाई." मी म्हणालो, येतो. का म्हणालो ते विचारू नको.

सौदामिनीबाईंना नियम लिहून द्यावे लागले. त्याचीच नक्कल तुला पाठवतो, किनवटच्या जंगलात राहून विसरला असशील. जगातल्या सगळ्या टीममधून प्रत्येकानं अकरा गडी घ्यायचे. पाळीनं, एकेक. एकानं घेतलेला गडी दुसऱ्याला नाही. मग पेपरात ज्याच्या गड्याचा गोल येईल त्याला एक गुण, आणि गोलकीपरनं मॅचभर गोल खाल्ला नाही तर त्यालाही एक. ज्याला येता येत नाही त्यानं यादी लिफाफ्यात बंद करून पाठवायची. लिफाफा त्याची पाळी आल्यावर, सगळ्यांसमोरच फोडायचा. शेवटच्या नंबराला आलेल्यानं गावरान आंब्यांची पाटी आणायची. यंदा आंबा कुठून आणायचा हा प्रश्न आहे, झाडाखाली उभं राहिलं तरी ऊन लागतं.

तयारी जोरात आहे. हैद्राबादचा पेपर एक दिवस उशिरा येतो, त्यातली कात्रणं कापून रोजगार हमीच्या जुन्या हजेरीपटांच्या पाठीमागं चिकटवून राहिलो. हे फॉरेनचे गडी नावानं लक्षात राहत नाहीत म्हणून आपण नंबरानं ओळखायचो, ते आता सौदामिनीबाईंनीही उचललं. मी टंचाई शाखेत आहे. दिवसभर टँकरचे नंबर, विहिरींचे नंबर, संध्याकाळी गड्यांचे नंबर. परवा टँकरच्या यादीत निलंग्याच्या खाली मी डेन्मार्क लिहून गेलो. साहेबांनी सही करता करता विचारलं, "हे कुठल्या सर्कलमध्ये येतं?" अण्णाराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

जिल्हा होऊन ऑगस्टात चार वर्षं होतील, पण अजून निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत आहेत. एखादी जुनी फाईल लागली की ती हटकून उस्मानाबादला राहिलेली असते. नवं लग्न झालेल्या घरासारखं आहे, भांडी पुष्कळ, पण झारा कुठं ठेवलाय ते कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक सांगायचं होतं. मंगळवारी देवणीच्या जनावरांच्या छावणीची तपासणी माझ्याकडं आली. तिथं तुझी आई भेटली. गाईजवळच बसली होती, पोत्याची सावली करून. मी तोंड फिरवून पुढं जाणार होतो, तर हाक आली, "केरबा न्हवं तू? रामकिशनचा केरबा?" थांबावंच लागलं. म्हणाली, "दिवाळीला आला होता. यायला एक दिस गेला, जायला एक दिस, घरी राहिला दीड दिस. साहेबानं लई लांब धाडलंय माझ्या लेकराला." तिला वाटतं साहेबानं धाडलं. मी गाईकडं बघत हाव हाव म्हणत राहिलो.

गाय तिनं विकली नाही. "रामकिशनच्या बापाच्या हातची हाय," म्हणते. गाय आहे तोवर ती किनवटला येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

लिफाफा पाठव. मागच्या वेळचं सोडून दे.

केरबा


लातूर
मंगळवार, ६ मे १९८६

रामकिशन,

जय भीम.

नऊ दिवस झाले. किनवटचं टपाल चार दिवसांत येतं, मी पोस्टात विचारून आलो. म्हणजे तू लिहिलं नाहीस. बरं, नको लिहू. पण मी काय तुझा सोयरा आहे का, मानपान करून बोलवायला? सरळ एक कार्ड टाकायचं, "येत नाही" म्हणून.

हे वाक्य खोडणार होतो, राहू दे.

तुझं शेवटचं कार्ड माझ्याकडं आहे. १९ ऑगस्ट १९८२. जिल्हा होऊन तीन दिवस झाले होते. त्यावर एकच ओळ आहे: "केरबा, इटलीचा वीस नंबर तुला कुठून सुचला?" खाली नाव नाही. चार वर्षं हे कार्ड मी या खिशातून त्या खिशात फिरवलं. तुझ्या चांगुणावहिनीनं दोनदा कपड्यात धुतलं, तरी ओळ वाचता येते.

त्या सवालाचा जबाब आज देऊन टाकतो.

वीस नंबर मला सुचला नव्हता. कुणालाच सुचण्यासारखा नव्हता. दोन वर्षं बंदी भोगून नुकताच परत आलेला गडी. पहिल्या तीन मॅचमध्ये त्यानं एकही गोल केला नाही, तेव्हा अण्णाराव मला म्हणाले होते, "असला गडी पहिल्या पाळीला घेतला? तुझ्यापरीस माझी म्हैस बरी निवडती." मग शेवटच्या तीन मॅचमध्ये सहा गोल. मी पहिला आलो. आंबे अण्णारावांनी आणले, आणि निकालाचा कागद नेहमीप्रमाणं सगळ्यांना गेला, तुलाही गेला. तिथंच मी सापडलो. मीच सायक्लोस्टाईल करून पाठवला तो कागद, माझ्यासारखा शहाणा मीच.

तू तेव्हा रजेवर देवणीत होतास, वडिलांचं, व्यंकटरावकाकांचं, शेवटचं दुखणं चालू होतं. तिथून तू लिफाफा पाठवलास. मी सगळ्यांना सांगितलं की लिफाफा आलाच नाही. तुझ्याशिवाय गडी वाटले. नंतर तुलाही सांगितलं, टपाल अडकलं होतं, अठरा तारखेला मिळाला.

खोटं होतं ते. लिफाफा ९ जूनला आला होता. गडी वाटायच्या तीन दिवस आधी. मी तो फोडला. यादीत पहिलं नाव इटलीचा वीस नंबर, आणि त्याच्यापुढं तुझ्या बारीक अक्षरात, "हा उठणार." तुझी नजर मला माहीत होती. मोह झाला, मी तो उचलला. मग लिफाफा सगळ्यांपुढं आणता येईना, म्हणून आलाच नाही म्हणालो.

एवढंच आहे. खेळात दगा केला, कबूल. त्यात दुसरं काही नव्हतं. लिफाफ्यात आणखी काही होतं का ते मला आता आठवत नाही.

यंदा यादी पाठव. लिफाफा मी हात न लावता ठेवीन.

केरबा

ता. क. रविवारी देवणीला जाऊन आलो. तपासणी नव्हती, उगाच गेलो. छावणीत कडबा कमी आणि ऊस जास्त देऊन राहिले, गाईची जीभ चिरली आहे. मी डॉक्टरला सांगून आलो. आईनं पाणी दिलं. लहानपणी ती मला ओंजळीत वरून पाणी वाढायची, तुला आठवत असेल. या वेळी तांब्या हातात दिला.


लातूर
मंगळवार, १३ मे १९८६

रामकिशन,

मागच्या पत्रात लिहिलं की मला आठवत नाही. मला आठवतं.

सात दिवस झाले, मी धड जेवत नाही. जेवताना उठतो, अंगणात जातो, परत येतो. चांगुणा म्हणाली, "तुमच्या पायात काय भिंगरी बांधली का? मेक्सिकोला तुम्हीच खेळायला निघाले जणू." तिला सगळं सांगितलं. तिला सांगितलं आणि तुला नाही, हे बरोबर नव्हे म्हणून लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, तेव्हा सरळच सांगतो.

त्या लिफाफ्यात दोन कागद होते. एक यादी. दुसरा तुझा विकल्प अर्ज, नव्या लातूर जिल्ह्यासाठी. "एक लिफाफा पुरतो तिथं दोन कशाला," ही तुझी सवय. उस्मानाबादचा स्टाफ दोन जिल्ह्यांत वाटायचा होता आणि विकल्प गोळा करायचं टेबल माझं होतं. मुदत १५ जून. तुझा अर्ज माझ्या हातात ९ जूनला होता. मी तो आधी वाचला. यादी नंतर.

लातूरला अव्वल कारकुनाची एकच जागा उरली होती. सेवाज्येष्ठतेत तू माझ्या दोन महिने पुढं. तुझा अर्ज यादीत आला असता तर तू लातूरला आणि मी उस्मानाबादला. चांगुणाचं माहेर लातूरचं, धाकटा पोटात होता, तिनं घर पाहून ठेवलं होतं. अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला नव्या जिल्ह्याची खुर्ची पाहिजे होती. नव्या कचेरीत पहिल्या दिवसापासून बसायचं होतं, जिथं मला "कुठल्या वाड्यातला" हे कुणी विचारणार नाही. तू मागितली असतीस तर मला नाही म्हणता आलं नसतं, आणि मी मागितली असती तर तू दिलीही असतीस. तेच मला नको होतं. तुझ्याकडून घेतलेली नको होती.

अर्ज टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. फाडला नाही. मुदत गेल्यावर वर काढून, अरे उशिरा मिळाला, म्हणायचं ठरवलं होतं. पण ज्यांचे विकल्प आले नाहीत ते सगळे अतिरिक्त धरले जाणार, त्यांना विभागात कुठंही टाकणार, हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा तुझा किनवटचा आदेश माझ्याच टेबलावरून गेला. त्याच्या पोचपावतीवर तुझी सही आहे. तू माझ्यासमोर उभं राहून केलीस. "नशीब," म्हणालास, आणि मला चहा पाजलास. काका जाऊन महिनाच झाला होता.

नंतर निकालाचा कागद मिळाला आणि तुला कळलं. वीस नंबर मला माहीत होता, म्हणजे लिफाफा मुदतीच्या आत माझ्याकडं होता, म्हणजे अर्जही होता. तू कुणाकडं तक्रार केली नाहीस. एक कार्ड टाकलंस फक्त.

आता एक जुनी गोष्ट. देवणीच्या मारुतीच्या मागच्या मैदानावर गडी वाटायचे तेव्हा दोघं दोघं आडोशाला जाऊन नावं ठेवून यायचे. "कुणाला पाहिजे करडी, कुणाला पाहिजे जवस?" माझ्या जोडीला कुणी यायचं नाही. मी एकटाच उभा राहायचो, पायानं माती उकरत. तू कप्तान असलास की नावं ठेवायच्या आधीच म्हणायचास, "केरबा माझ्याकडं." पोरं ओरडायची, तू ऐकायचा नाहीस. आणि माझ्या हातात वाटणी आली तेव्हा मी तुला खणात ठेवलं.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून एक कागद पाठवतो. आपसी बदलीचा अर्ज आहे. तू माझ्या जागी लातूरला, मी तुझ्या जागी किनवटला. माझी दस्तखत आधीच केली आहे. तुझी तेवढी बाकी. लातूरहून देवणी अडीच तासांवर, दर रविवारी जाऊन आलास तरी रजा लागत नाही. सोमवारी २६ मेला फाईल औरंगाबादला आयुक्तांकडं जाते. त्यानंतर यंदाच्या बदल्या बंद, मग पुढच्या साली. तुझी आई छावणीत आणखी एक उन्हाळा काढील का, ते मी तुला कसं सांगणार.

चांगुणा काय म्हणाली तेही सांगतो. आधी म्हणाली, "दगा तुम्ही केला आणि बिस्तरा मी बांधू?" सगळी भांडी रागानं आपटत धुऊन झाल्यावर म्हणाली, "त्या म्हातारीनं चार वर्सं एकटीनं काढली. मी लेकरं घेऊन हितंच राहते, तुम्ही जावा." लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या बायकोला मी अजून नीट ओळखत नाही.

दस्तखत करायची नसेल तर नको करू. पण यादी पाठव. दोन्ही एकाच लिफाफ्यात घातलेस तरी चालेल.

केरबा


लातूर
रविवार, २५ मे १९८६, संध्याकाळ

रामकिशन,

तू काय पाठवलंस ते तुला माहीत आहे. इकडं काय झालं ते तुला माहीत नाही, ते लिहितो.

लिफाफा शुक्रवारी कचेरीत आला. रजिस्टर. वर तुझं अक्षर: "पाळी आल्यावर फोडावा." हाताला जाड लागत होता, यादीपुरता जाड नव्हता. मी तो टेबलावर ठेवला, मग फाईलीखाली ठेवला, मग परत वर काढला. उजेडाकडं धरला का, म्हणशील. हाव, एकदा धरला. काही दिसलं नाही, आणि माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी फाईल जाणार. आत अर्ज आहे का नाही, सही आहे का नाही, दोन दिवस कळणार नाही. ब्याऐंशीला असाच एक लिफाफा माझ्याकडं तीन दिवस होता. मी उठलो आणि सौदामिनीबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणालो, "बाई, हा रविवारपर्यंत तुमच्याकडं ठेवा. मी मागितला तरी देऊ नका." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमचाच ना तो?" मी म्हणालो, "माझा नाही म्हणून तर."

शनिवारी मी दोनदा मागितला. त्यांनी दिला नाही. बाई मोठ्या खमक्या आहेत.

आज तीनला बसलो. चटई, सोळा हजेरीपट आणि एक पंखा, तोही वीज असली तर. पाण्याचा टँकर गल्लीत अडीचलाच आला, त्यामुळं अण्णाराव घागर ठेवून उशिरा आले. पाळीसाठी देवणीचीच पद्धत. आम्ही आडोशाला गेलो, नावं ठेवली, आणि चांगुणाला मागायला बसवलं. मी जवस, अण्णाराव तीळ, बाई करडी, तुझं नाव अंबाडी ठेवलं. तिनं पहिल्यांदा जवस मागितलं, मग अंबाडी. म्हणजे पहिली पाळी माझी, दुसरी तुझी.

आता बघ. अर्जेंटिनाचा दहा नंबर. चार वर्षांपूर्वी तो ब्राझीलविरुद्ध लाथ मारून बाहेर गेला होता, तेव्हापासून मी त्याची कात्रणं ठेवतो. यंदा त्याच्यासाठी मी जीव टाकून राहिलो होतो. तुझ्या यादीत तोच पहिला असणार, याची मला खात्री होती. मी त्याचं कात्रण पालथं घातलं आणि मोरोक्कोचा गोलकीपर मागितला.

अण्णाराव हसता हसता मागं कलंडले. "पहिल्या पाळीला गोलकीपर? आन् त्योबी मोरोक्कोचा? केरबा, ऊन लागलं तुला." लागू दे म्हणालो. पुढं सरका.

सौदामिनीबाईंनी लिफाफा काढला, सगळ्यांना दाखवला, फोडला. आत दोन कागद. एक घडी घातलेला, तो त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा उघडून वाचायला गेल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "यात एक नंबरची जागा कोरी आहे. दोनपासून नावं आहेत."

मी म्हणालो, नीट बघा.

"कोरीच आहे. समोर लिहिलंय, 'हा गडी केरबानं सांगावा.'"

रामकिशन, मला तिथं बसवेना. मी आत गेलो आणि रांजणापाशी उभा राहिलो. रडलो. चांगुणा मागून आली आणि मला पाणी दिलं. अण्णाराव बाहेरून ओरडून राहिले, "आरं गडी सांग, सांच्याला पुन्हा लाईट जाती." त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी तोंड पुसून बाहेर आलो आणि सांगितलं, अर्जेंटिनाचा दहा नंबर.

बाई म्हणाल्या, "हा तर तुम्हालाच पाहिजे होता ना? सगळी कात्रणं त्याची आहेत."

"हाव," म्हणालो. "म्हणूनच. त्याच्याच नावावर लिहा." मग मी अण्णारावांना आणि त्यांना वीस नंबरचं सगळं सांगितलं, खणासकट. अण्णारावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "म्हणजे ब्याऐंशीचे आंबे मी फुकटच आणले की." आणि त्यांनी गडी मागितला. त्यापलीकडं ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चव्वेचाळीस गडी वाटून झाल्यावर मी तो घडीचा कागद उघडला. तुझी दस्तखत आहे. तारीख आहे. बाकी एक अक्षर नाही. उलटून पाहिलं, मागंही नाही.

ठीक आहे. मी दस्तखत मागितली होती, तेवढीच तू दिलीस. उद्या सकाळी अर्ज फाईलला लावतो आणि सौदामिनीबाईंना साक्षीला उभं करतो. त्या म्हणाल्या, "आवक रजिस्टरला नोंद करून पोच घेते, मगच जाऊ द्या." तुझ्यासारख्याच आहेत, लिफाफ्यापलीकडचं बघणाऱ्या.

केरबा


लातूर
शुक्रवार, २० जून १९८६

रामकिशन,

जय भीम.

आदेश तुलाही मिळाला असेल. टंचाईच्या साली कुणाची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून या खेपेला आयुक्तांकडून लवकर आला. ३० जूनला दोघांनी कार्यमुक्त व्हायचं आणि लगेच रुजू व्हायचं.

आईला सांगून आलो. आधी तू येतोस ते सांगितलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच का रं?" मग मी बाकीचंही सांगितलं, साहेबानं नाही, मी धाडलं होतं म्हणून. तिनं गाईच्या पाठीवरचा हात काढला. शेवटी म्हणाली, "जा आता. लेक आला की बघू." या वेळी पाणी दिलं नाही. बरोबरच केलं तिनं.

गुणांचं सांगतो. सौदामिनीबाई पहिल्या आहेत, इंग्लंडचा दहा नंबर त्यांच्याकडं, पाच गोल झाले त्याचे. अण्णाराव दुसरे. तू तिसरा, मी चौथा. माझा मोरोक्कोवाला दोन मॅच गोल न खाता राहिला, तेवढीच माझी मोठी जमा. तुझ्या दहा नंबरानं आतापर्यंत एकच गोल केला. अण्णाराव मला रोज चिडवतात, "केरबा, दुसऱ्याचा गडी निवडायलाबी अक्कल लागती." मी म्हणतो थांबा. वीस नंबरालाही तुम्ही तीन मॅच असंच हसला होता. रविवारी त्याची मॅच इंग्लंडशीच आहे. दोन्ही दहा नंबर समोरासमोर. मला झोप लागेल असं वाटत नाही. त्याच्यापुढं "हा उठणार" असं मी तुझ्या यादीत पेन्सिलनं लिहून ठेवलंय. नियमात बसत नाही, पण राहू दे.

आता मुद्द्याचं. १ जुलैला मी लातूरहून पहाटेच्या गाडीनं निघतो, दहाच्या आत नांदेडला. तुझी किनवटची गाडी साडेदहाला लागते. तुझी लातूरची बाराला, माझी किनवटची सव्वाबाराला. मी स्टँडवर चौकशी करून आलो. मधे दीड तास आहे. आपल्याला दोघांना एका गावात एवढाच वेळ मिळणार. तू इकडं, मी तिकडं, पुन्हा दोन बाजूच. चांगुणा म्हणाली, "आदलाबदल केली, दोस्ती कुठं जुळली?"

मी किनवटच्या गाडीच्या फलाटावर उभा राहीन. बोलायचं नसेल तर बोलू नको, गड्यांचं बोलू. तेही नको असेल तर चहा घेऊ आणि गाड्या बघू. आंबे मलाच आणावे लागणार असं दिसतंय, जे मिळतील ते घेऊन येईन.

किनवटची खोली, पाण्याची वेळ, पेपर कुठं मिळतो, हे कागदावर लिहून आणलंस तर बरं होईल.

टेबल मी तुझ्यासाठी रिकामं केलंय. खालचा खण आधी केला. त्यात तुझा ब्याऐंशीचा विकल्प अर्ज होता, उस्मानाबादहून मी तो सोबत आणला होता. कडा पिवळ्या पडल्यात, दस्तखत स्पष्ट आहे. तो टपालानं पाठवत नाही. खणाची किल्ली आणि अर्ज, दोन्ही नांदेडला तुझ्या हातात देतो. अर्ज मुदतीच्या आत आला होता, एवढं मी त्याच्यावर लाल शाईनं लिहून, तारीख टाकून, सही केली आहे.

तुझा,
केरबा